मोठा कलाकार बोलवू, की मुलांची कार्यशाळा घेऊ?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणारे सर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, बँकेत नोकरी करतात आणि संध्याकाळी घरीच बासरीचा क्लास घेतात. ८ ते १७ वयाची २२ मुलं-मुली आहेत. गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेला त्यांनी मंगल कार्यालयात मुलांचा कार्यक्रम केला, तो चार तास चालला, शेवटी समोर फक्त शेवटी वाजवणाऱ्या मुलांचे आईबाप उरले आणि सरांच्या खिशातले १८ हजार गेले. यंदा मे महिन्यात दोन दिवसांची कार्यशाळा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैफल असा घाट आहे, मुंबईचा एखादा नावाजलेला बासरीवादक आणायचाय, खर्च अंदाजे अडीच लाख. गावातले एक नगरसेवक निम्मे पैसे द्यायला तयार आहेत, पण त्यांना स्टेजवर मोठा बॅनर, मध्यंतरात सत्कार आणि 'लोकांना कळतील अशी' सिनेमातली गाणी हवीत. पालकांत दोन तट पडलेत. एका आईने सांगून टाकलंय की मुलीला सोलो नसेल तर क्लास बंद. बायको म्हणते, शिकवा आणि गप्प बसा, हे उद्योग कशाला. सरांचं म्हणणं असं की मुलं नववीत गेली की बासरी सोडतात कारण त्यांना स्टेज मिळत नाही, मोठा कलाकार जवळून बघितला तर टिकतील. त्यांनी विचारलंय: कलाकार बोलवू का, नगरसेवकांचे पैसे घेऊ का, आणि सोलो कोणाला देऊ?

नमस्कार सर,

तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे, हॉलचं भाडं, जेवणाची पानं, कलाकाराचं मानधन, गाडीचा खर्च सगळं नीट मांडलंय, पण त्या २२ मुलांपैकी कोण काय वाजवतंय, कोणाचं कुठे अडलंय, कोणाला कोणाच्या शेजारी बसून वाजवायला आवडतं यातलं एक अक्षर नाही. मुलं येतात ती एकदम सोलोच्या भांडणात. टोचायला म्हणत नाहीये, कार्यक्रम करायला घेतला की सगळ्यांचंच असं होतं, मी एका छोट्या म्युझिक सर्कलचं काम बरीच वर्षं बघतेय आणि तिथेही मीटिंग सतरंज्या, चहा आणि पार्किंगवरच संपते. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुलांकडे बघितल्याशिवाय देता येत नाहीत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

तुम्ही धरून चाललाय की मुलं नववीत सोडतात कारण स्टेज मिळत नाही. खरंच तसंय का? दहावीच्या ट्यूशन हे एक कारण आहेच, त्याला तुम्ही-मी काही करू शकत नाही. पण खास बासरीचं असं एक कारण आहे. साधारण बारा-तेराव्या वर्षी आपण मुलाला छोट्या बासरीवरून लांब बासरीवर नेतो. पांढरी पाचवर (म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी जिचा 'सा' आहे अशा छोट्या बासरीवर) जे झरझर वाजत होतं ते पांढरी तीनच्या लांब बासरीवर वाजेनासं होतं, खालच्या हाताची अनामिका शेवटच्या छिद्रापर्यंत पोचत नाही, पोचली तर छिद्र पूर्ण झाकलं जात नाही, हवा गळते आणि मंद्रातला पंचम (खालच्या सप्तकातला 'प') नुसता फुसफुसतो. म्हणजे तीन-चार वर्षं शिकलेलं मूल एकाएकी नवशिक्यासारखं वाजवायला लागतं, आणि ते त्याला स्वतःला ऐकू येत असतं. ही लांब बासरी मुळात लहान हातांसाठी झालेलीच नाही, बासरीवादक पन्नालाल घोषांनी (१९११ ते १९६०) ख्याल अंगाने, म्हणजे रागदारी गाण्याच्या ढंगाने सावकाश, खोल वाजवता यावं म्हणून सुमारे ३२ इंचांची मोठी बासरी घडवली आणि तिथून बासरी मैफलीच्या स्टेजवर आली. तेरा वर्षांच्या मुलीला ती धरायला दिली की सहा महिने-वर्षभर तिची चिडचिड होणारच. आणि नेमकी हीच वेळ नववीची. अशा मुलीला तुम्ही स्टेज दिलंत तर ती टिकेल की उलट अजून लवकर पळेल, सांगा बरं.

दुसरं कारण एकटेपणाचं. गाणं शिकणारी मुलं शाळेच्या समूहगीतात असतात, तबला शिकणाऱ्याला भजनाला, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला कोणी ना कोणी साथीला ओढतं, ढोल-ताशा पथकात तर मुलं रात्र-रात्र एकमेकांसोबतच असतात. बासरी शिकणारं मूल मात्र घरी बेडरूमचं दार लावून एकटं फुंकत बसतं, आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे येतं, बॅच संपली की सायकल काढून घरी. तुमच्या मंगळवारच्या बॅचमधल्या दहा वर्षांच्या मुलाने शनिवारच्या बॅचमधल्या सोळा वर्षांच्या दादाला कधी ऐकलंय का? गुरुपौर्णिमेला म्हणाल तर त्या दिवशी प्रत्येकजण आपलाच नंबर कधी येतोय या धास्तीत असतो, ऐकत कोणीच नसतं.

म्हणून माझं मत असं की तुमच्या मुलांना स्टेजपेक्षा आधी सोबत हवीय, आपल्यासारखीच अडलेली, आपल्यापेक्षा थोडी पुढे गेलेली मुलं रोजच्या नजरेत हवीत. कार्यशाळेची कल्पना त्यामुळे अगदी बरोबर आहे, फक्त तुम्ही तिला मैफलीच्या शेपटीला बांधलंय. ती सोडवा. कार्यशाळा वेगळी, मुलांचा कार्यक्रम वेगळा, आणि मोठ्या कलाकाराची मैफल हे तर तिसरंच प्रकरण, ते यंदा नसलं तरी चालेल.

कलाकाराबद्दल सविस्तर बोलते कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. नावाजलेला माणूस आला तर काय होईल याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. ते दुपारी पोचणार, आल्यावर चहा, फोटो, पालकांची रांग, मग साठ-सत्तर मुलांसमोर (कारण आजूबाजूच्या गावांतूनही येतील) दीड तास बोलणार, मध्ये थोडं वाजवून दाखवणार, दोन धीट मुलं प्रश्न विचारतील आणि बाकीची मोबाईलवर शूटिंग करतील. संध्याकाळी मैफल, रात्री परत. हे वाईट नाहीये, मुलांना आठवण राहील. पण याला कार्यशाळा म्हणू नका, कारण त्या अनामिकेचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. त्यापेक्षा एखाद्या चांगल्या गुरूंकडे दहा-बारा वर्षं शिकलेला, पंचविशी-तिशीतला वादक शोधा, मुलं ज्याला दादा किंवा ताई म्हणतील असा. पुण्या-मुंबईत असे बरेच आहेत, उत्तम वाजवतात, फारसे कार्यक्रम मिळत नाहीत, आणि त्यांना ते लांब बासरीवर जातानाचे हाल ताजे आठवत असतात. असा माणूस दोन पूर्ण दिवस राहील, मुलांबरोबर जेवेल, प्रत्येकाचा हात स्वतःच्या हाताने नीट बसवून देईल. मानधन मात्र ठरवून आणि वेळेवर द्या, 'मुलांसाठी आहे हो' म्हणून घासाघीस करू नका.

आणि शिकवणारा बासरीवालाच पाहिजे असंही नाही. पंडित हरिप्रसाद चौरसियांचंच बघा ना, सुरुवातीला शेजारच्या पंडित राजारामांकडे गाणं शिकले, मग भोलानाथ प्रसन्नांकडे बासरी, १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत नोकरीला लागले, पुढे मुंबईला आले, आणि एवढं वाजवता येत असताना पुन्हा शिष्य होऊन गेले ते अन्नपूर्णादेवींकडे, ज्या सूरबहार (सतारीसारखं मोठं तंतुवाद्य) वाजवायच्या, बासरी नव्हे. पन्नालाल घोषही अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले, ते सरोदिये. तेव्हा तुमच्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना अर्धा दिवस बोलवा, मुलांना बासऱ्या बाजूला ठेवून नुसती बंदिश गायला लावा. मुलं लाजतील, गाणं आम्हाला येत नाही म्हणतील, म्हणू देत. जे गळ्यातून निघालं नाही ते बांबूतून कुठून निघणार. तबलजींना एक तास द्या, हाताने टाळी-खाली धरून तीनताल आणि झपताल. बासरीच्या मुलांची लय कच्ची राहते कारण घरी ती तालाशिवाय वाजवतात, हे तुम्हालाही माहितीय.

मोठे कलाकार ऐकवायचे असतील तर त्यांना गावात आणण्यापेक्षा मुलांना तिकडे नेणं स्वस्त पडतं. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व असतो, १९५३ पासून चालू आहे, आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणतात. एक मिनीबस, दहा-बारा मोठी मुलं, तीन पालक. बासरी कधी आहे ते यादी बघून ठरवा, पण नसली तरी न्या, एखादं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायची सवय ही बासरीचीच तयारी आहे. शाळा-कॉलेजांत कलाकार आणणारी स्पिक मॅकेसारखी चळवळ १९७७ पासून आहे, तुमच्या गावच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांना त्यांच्याशी बोलायला लावा, म्हणजे मैफलीचा अख्खा भार तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येणार नाही.

आता कार्यशाळा प्रत्यक्षात कशी चालवायची ते, कारण तुमच्यासारखेच आणखी काही शिक्षक हे वाचत असतील. सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो पट्टीचा. एकाकडे पांढरी पाच, दुसऱ्याकडे पांढरी एक, तिसऱ्याने जत्रेतून आणलेली कुठलीच नसलेली, आणि सगळे एकदम 'सा' लावतात. तेव्हा पालकांना जो मेसेज जाईल त्यात पहिली ओळ पट्टीची पाहिजे. लहानांचा गट पांढरी पाच, मोठ्यांचा पांढरी तीन, बस. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी चार-पाच जादा बासऱ्या एकाच कारागिराकडून आणून ठेवा, कार्यशाळेपुरत्या द्या, आणि प्रत्येक बासरी मोबाईलवरच्या ट्यूनरने आधी स्वतः तपासा. एका गटात बारा-पंधराच्या वर मुलं घेऊ नका. बाहेरची मुलं घ्यायची तर घ्या, पण गट वाढवा, गटातली मुलं नको.

फुंकायचा वेळही मर्यादित ठेवा. लहान मुलं सलग जोर लावून फुंकत राहिली की चक्कर येते, नवीन मुलांना तर लवकरच, आणि पालक घाबरतात. अर्धा-पाऊण तास वाजवणं, मग ऐकणं, मग गाणं, मग परत वाजवणं असं फिरवत राहा. सकाळी पहिला तास नुसता लांब सूर, मध्य षड्जापासून (मधल्या सप्तकातला 'सा') खाली मंद्र पंचमापर्यंत. कंटाळतात, पण सगळ्यांनी मिळून केलं की कमी कंटाळतात, एकट्याला घरी हे कोणी करत नाही.

राग एकच घ्या. खूप ठिकाणी दोन दिवसांत चार राग आणि वर एखादी धून असं कोंबतात, का ते मला कधी कळलं नाही. बासरीवर तीन छिद्रं झाकून षड्ज धरला की यमनचे सगळे सूर पूर्ण छिद्रांवर येतात, सगळी उघडली की तीव्र मध्यम (चढा 'म') हजर, अर्धं छिद्र कुठेच नाही. म्हणून मोठ्यांना यमन. लहानांना भूप, त्यात तर मध्यमच नाही. पण भूपमध्ये गंधारावरून पंचमावर जाताना एका बोटावरून एकदम सहा बोटं झाकावी लागतात आणि फुंकही बदलते, मुलांची गाडी बरोबर तिथे घसरते. तेवढ्या एका 'गप'वर अर्धा तास घालवलात तरी माझ्या मते कार्यशाळेचे पैसे वसूल. याउलट दुर्गा 'सोपा पाच सुरांचा राग' म्हणून घेतात आणि त्यातला शुद्ध मध्यम अर्ध्या छिद्राचा असल्याने वीस मुलांचे वीस मध्यम ऐकावे लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर सगळे पेंगत असतात तेव्हा, बासरीची निगा. दोरा कसा गुंडाळायचा, तेल कधी आणि किती लावायचं, गाडीच्या डिकीत उन्हात बासरी का ठेवायची नाही. उत्तर प्रदेशातलं पीलीभीत बासऱ्या बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथला बांबू येतो थेट आसामकडून, एवढं सांगितलं आणि नकाशावर दाखवलं तरी मुलांना गंमत वाटते. जवळपास बासरी बनवणारा कोणी असेल तर त्यालाच बोलवा, तापलेल्या सळईने छिद्र पडताना बघितलं की एकही मूल पेंगणार नाही, लिहून देते.

तारखेचं म्हणाल तर मे महिना मला पटत नाही. उकाडा, बांबू सुकून तडकायचे दिवस, निम्मी मुलं मामाच्या गावाला, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असतात, तुमची काही मुलं प्रवेशिका-मध्यमाला बसत असतीलच. दिवाळीच्या सुट्टीतला भाऊबीज उलटल्यावरचा आठवडा कार्यशाळेला बरा, आणि मुलांचा कार्यक्रम जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, बोर्डाच्या पोरांवर प्रॅक्टिकल-प्रिलिमचं ओझं पडायच्या आत आणि शाळेच्या गॅदरिंगच्या तारखा विचारून.

मधल्या काळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एखाद्या पालकाच्या घरी बैठक ठेवा. माइक नाही, स्टेज नाही, हार-तुरे नाहीत, मोबाईलवर तानपुरा, तबला मिळाला तर तबला, आठ-दहा मुलं वाजवणार आणि बाकीची सतरंजीवर बसून ऐकणार. प्रत्येक मुलाचा नंबर दोन-तीन महिन्यांतून एकदा येईल. एवढं केलंत तर सोलोचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. कारण आत्ता सोलो म्हणजे सरांनी दिलेलं बक्षीस झालंय, वर्षातून एकदा मिळणार, त्यामुळे सगळे झगडणार. दर महिन्याला वाजवायला मिळतंय म्हटल्यावर जानेवारीतल्या आठ मिनिटांचं एवढं अप्रूप राहत नाही, आणि कोण तयार आहे हे सगळ्यांनी, आयांनीसुद्धा, कानांनी ऐकलेलं असतं.

त्या सोलोवाल्या आईंवर रागावू नका. त्यांची धमकी चुकीची आहे पण त्यांच्या जागेवरून बघा, त्या दर महिना फी देतात, मुलीला ने-आण करतात, त्यांना बासरीतलं काही कळत नाही, मुलगी शिकतेय की नुसती जातेय हे कळायचा एकच मार्ग त्यांच्याकडे आहे, वर्षातून एकदा स्टेजवर बघणं. त्यांना घरी बोलवा किंवा चहाला त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा, 'ताई, ती आत्ता लांब बासरीवर आलीय, सूर फुटतोय, मे महिन्यात सोलो दिला तर तिची फजिती होईल आणि ती बासरी ठेवून देईल, ऑक्टोबरच्या बैठकीत ती तुमच्यासमोर वाजवेल, तेव्हा आपण दोघं मिळून ठरवू.' (त्यांची मुलगी नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, तेवढा बदल तुम्ही करा.) एवढं सांगूनही त्या मुलीला काढणार असतील तर काढू द्या, बाकी २१ जणांचा कार्यक्रम एका धमकीवर ठरवता येत नाही.

कार्यक्रमाचं गणित सोपं आहे. २२ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे ११० मिनिटं, दोन मुलांच्या मध्ये बसणं-उठणं-माइक-पट्टी बदलणं दोन मिनिटं धरा, झाले अडीच तास, वर दीपप्रज्वलन, सत्कार, निवेदिकेच्या चारोळ्या. मग चार तास लागले यात नवल काय. यंदा दीड तासात बसवा. सुरुवातीला सगळ्या लहानांचा भूप एकत्र, मग तीन-तीन, चार-चार मुलांचे गट, मग तीन किंवा चारच सोलो आठ-दहा मिनिटांचे, शेवटी मोठ्यांचा यमन एकत्र. सगळी मुलं स्टेजवर येतात, कोणी सुटत नाही.

क्रम वयाने लावू नका, पट्टीने लावा. पांढरी पाचची सगळी आधी, पांढरी तीनची नंतर. नाहीतर तबलजी दर पाच मिनिटांनी हातोडी घेऊन बसतात, मध्ये पोरं कुजबुजतात, आणि तबला नीट लागलेला नसताना बिचारं मूल सुरू करतं. तबलजींना आदल्या दिवशी तालमीला बोलवा आणि तालमीचेही पैसे द्या.

हॉल एसी असेल तर अजून एक भानगड. हवा थंड झाली की बासरी उतरते, दहा अंशांच्या फरकाने हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाव भागाहूनही जास्त उतरू शकते, मोबाईलमधला तानपुरा मात्र जागचा हलत नाही. मुलाला वाटतं आपणच बेसूर झालो. एसी कमी ठेवायला सांगा, मुलांना वाजवायच्या आधी दोन-तीन मिनिटं बासरीत नुसती ऊब फुंकायला लावा, विंगेत गार वाऱ्याच्या झोतात बासऱ्या ठेवू नका. माइक तोंडासमोर नको, फुंकेचा फरफर आवाज येतो, जरा वर किंवा बाजूला. समूहाला बावीस माइक लागत नाहीत, तीन-चार पुरतात, आणि साउंडवाल्याला इको बंद करायला सांगा, तो ऐकणार नाही, परत सांगा.

नगरसेवकांचे पैसे. घ्या ना, न घेण्यासारखं काय आहे, गावातल्या मुलांसाठी गावातला माणूस पैसे देतोय. पण तुमचं बजेट आता अडीच लाख राहिलेलंच नाही. दोन दिवस दादा किंवा ताई, गाण्याच्या बाई, तबलजी, शाळेचा हॉल, पोहे-चहा-जेवण, जानेवारीचा छोटा हॉल आणि साउंड, यात कुठे मोठा आकडा नाही. बराचसा भाग कार्यशाळेच्या फीमधून निघेल, ज्यांना झेपत नाही अशा दोन-तीन मुलांना गाजावाजा न करता माफी द्या. म्हणजे नगरसेवकांकडे जाताना तुम्ही निम्म्या खर्चासाठी हात पसरून जात नाही, एखाद्या ठरलेल्या गोष्टीसाठी जाता, 'जानेवारीच्या हॉलचं आणि साउंडचं तुम्ही बघाल का साहेब.' बॅनर हॉलच्या बाहेर आणि प्रवेशद्वारावर हवा तेवढा मोठा, स्टेजवर मुलांच्या मागे नको. सत्कार सुरुवातीलाच, पाच मिनिटांत, कारण साहेबांनाही पुढे दुसरे कार्यक्रम असतातच, त्यांना ते उलट सोयीचंच वाटेल. मध्यंतर ठेवूच नका, म्हणजे मध्यंतरातला सत्कारही नाही. हे सगळं व्हॉट्सॅपवर का होईना लिहून पाठवा, नुसतं बोलण्यावर राहू नका.

सिनेमाच्या गाण्यांना माझा विरोध नाही, एखादं असू द्या, मुलांना आवडतं आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनाही. पण जाहीर कार्यक्रमात सिनेमाची गाणी वाजवायची तर हक्कांचा, लायसन्सचा प्रश्न येतो, आयपीआरएससारख्या संस्था त्यासाठी असतात, तेव्हा आधीच चौकशी करून घ्या. पारंपरिक बंदिशीला, अभंगाच्या जुन्या चालीला ही कटकट नाही. 'लोकांना कळेल असं' पाहिजे असेल तर वारकरी चालीतला एक अभंग ठेवा, त्याहून जास्त कळणारं आपल्या भागात दुसरं काय आहे.

पालकांचे दोन तट आहेत ते कामं वाटल्याने बरेचसे मिटतात, निदान दबतात. पाच पालकांना पाच कामं द्या, पैसे एकाकडे, जेवण एकाकडे, बाहेरून येणाऱ्या मुलांची राहायची सोय एकाकडे. मुलं राहणार असतील तर दोन मोठी माणसं कायम सोबत पाहिजेत, मुली असतील तर त्यात एक बाई हवीच. मुलांचे व्हिडिओ टाकायच्या आधी त्यांच्या आईबापांना विचारा. आणि सगळं झाल्यावर हिशोब पालकांच्या ग्रुपवर टाका, शिल्लक असो की तूट.

तुमच्या मिसेसचं म्हणणं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, मला ते तक्रार वाटलं नाही. १८ हजार घरातले गेलेत आणि चार तास त्याही तिथे उभ्या असणार, बहुतेक पाहुण्यांच्या चहापाण्यात. त्यांच्याबरोबर बसून एक आकडा ठरवा, यंदा घरातून जास्तीत जास्त इतके, त्यापुढे एक रुपया नाही, आणि तो आकडा शून्य असला तरी चालेल. त्यांना चहापाण्याचं काम मात्र देऊ नका.

जे शिक्षक ऑनलाइन शिकवतात, पुण्याहून अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी मुलांना वगैरे, त्यांच्यासाठी एवढंच: ऑनलाइन एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागे-पुढे होतो, त्यामुळे तुमच्या मुलांना सोबतीची गरज अजूनच जास्त. वर्षातून एकदा, मुलं सुट्टीत भारतात येतात तेव्हा किंवा तिकडच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, एक दिवस तरी समोरासमोर बसवा. तिथे कलाकार नसला तरी चालतो.

सर, या आठवड्यात तुम्हाला फक्त दोन-तीन फोन करायचे आहेत. ज्या पालकांचं घर मोठं आहे आणि शेजारी कटकटे नाहीत त्यांना पहिल्या बैठकीसाठी. तुमच्या ओळखीच्या एखाद्या गुरूंना, त्यांचा मुलांत रमणारा शिष्य कोण ते विचारायला. आणि या दोन्हींच्या आधी तबलजींना, कारण जानेवारीतल्या त्यांच्या तारखा गणपतीतच भरायला लागतात आणि तुमच्या गावात ते एकटेच आहेत असं तुम्हीच लिहिलंय.